परांचीवरची देखरेख

एक्स-रेच्या खोलीबाहेर मावशी दुखरा गुडघा चोळत, ओठांतल्या ओठांत नाम घेत बसल्या होत्या. शेजारी मनगट सुजलेला एक रंगारी आणि त्याची बायको कुजबुजत होती. मावशींचं नाम सारखं अडखळत होतं.

"परांचीवरून पडलो म्हणू नका हं. जिन्यात पाय घसरला म्हणा."

"सगळ्या साइटने पाहिलंय मला पडताना. विम्याची माणसं विचारायला येणारच."

"मग विमा घेताना रंगारी म्हणूनच का नाही सांगितलंत?"

"रंगाऱ्याला हप्ता जास्त पडतो. एजंट म्हणाला, तुम्ही पोटठेकेदार, नुसती देखरेख करता असं लिहू. मलाही बरं वाटलं गं."

"वाटणारच! हाताखाली चिटपाखरू नाही आणि म्हणे देखरेख!"

"हळू. मावशी ऐकतायत."

"ऐकू देत. हात बरा होईस्तोवर आठवड्याला पैसे मिळावेत म्हणून घेतलात ना विमा? तेच नाही आले तर चूल कशी पेटायची? मोठा ठेकेदार देणारेय?"

"तो म्हणाला, तू काही माझा नोकर नाहीस."

"बघा!"

"वर देखरेखीला चढलो होतो, असं सांगतो."

"हां, तसंच सांगा. पण आधी नखं द्या इकडे, रंग खरवडते."

ती केसातली पिन काढून खरवडू लागली, तोच नर्सबाई दारात आल्या.

"काय करताना पडलात? लिहायचंय मला."

"देखरेख करताना."

"कुणाच्या कामावर?"

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने मावशींकडे. मावशींचे ओठ हलायचे थांबले.

"माझ्याच," तो म्हणाला.