मुळगावात चालून दाखवा

नाही, मला एक सांगा, चालणं ही काय दहा जणांची परवानगी काढून करायची गोष्ट आहे का? दोन पाय आहेत, रस्ता आहे, सकाळची वेळ आहे, माणूस घराबाहेर पडतो, अर्धा तास चालतो आणि परत येतो... जगात कुठेही होतं हे. मुळगावात होत नाही. तुम्हाला सांगते, आमच्या सुविधावहिनीने तिथे चालायचा प्रयत्न केला, आणि मी तिची सख्खी नणंद, एका घरात राहून सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे यात पदरचं काही नाही. जिथे मला नक्की माहीत नसेल तिथे तसं सांगेन.

तर वहिनीला मूल हवं होतं आणि होत नव्हतं. पाळी यायची नाही तर दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की जायचं नाव घ्यायची नाही. म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, की हे बघा, बीजं वाढायला लागतात आणि अर्ध्यावर थांबतात, म्हणून कडेकडेने हे बारीक ठिपके, मोत्यांची माळ असावी तसे. याला पीसीओएस म्हणतात. वहिनीने घरी येऊन हे आईला, म्हणजे तिच्या सासूला, जसंच्या तसं सांगितलं, कारण वहिनी पडली एम.एस्सी., तिला अर्धवट सांगताच येत नाही. आईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोत्यांची माळ? मगे वायट कितें तातूंत?"

म्हणजे, मोतीच आहेत तर त्यात वाईट ते काय!

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, साखर आणि मैदा बंद केला, आणि रोज सकाळी अर्धा तास झपझप चालायला सांगितलं. वजन थोडं उतरलं तरी पुष्कळ बायकांची पाळी जाग्यावर येते, काहींना तेवढ्यावर दिवसही राहतात, तुम्हाला राहतीलच असं मी म्हणत नाही, पण चाला. वहिनीला त्या एकदम पटल्या, कारण त्याही तिच्यासारख्याच प्रत्येक वाक्याला कुंपण घालून बोलणाऱ्या. गोळ्यांनी पोट ढवळायचं ते तिने सोसलं. साखर सोडली. आणि चालणं तर तिला सगळ्यात सोपं वाटलं, कारण ती मांद्र्याची! मांद्र्याच्या वाळूत परदेशी माणसं सकाळपासून सांजेपर्यंत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत असतात, आणि बाबा रे, तू जातोस तरी कुठे, असं त्यांना कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. वहिनीचा समज असा झालेला, की हा मनुष्यमात्राचा हक्क आहे.

तिला फक्त चालायचं होतं!

पहिल्या दिवशी कॅनव्हासचे बूट घालून निघाली. वाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, तोंडाशीच शेजारची ताराकाकी उभी. "खंय वता गो?" वहिनी म्हणाली, कुठे नाही, अशीच. अहो, 'अशीच' हे काय उत्तर झालं? मुळगावात बाई गिरणीवर जाते, देवळात जाते, बाजाराला जाते, बसला जाते. 'अशीच' फक्त घरी भांडलेली बाई जाते. वहिनी वळणावर पोचायच्या आत सून रुसून माहेरी निघाल्याची खबर आमच्या दारात पोचली, आणि आई हाताला पीठ तसंच घेऊन गेटपर्यंत धावली. माहेर मांद्र्याला, मध्ये आख्खा तालुका, तिथे ही बूट घालून पायी निघाली, असं त्या सगळ्यांना खरंच वाटलं!

बरं, हे बायकांचं झालं. पुढे ट्रक. माझा भाऊ साईश खाणीवर काट्याला, म्हणजे खनिजाचा प्रत्येक ट्रक त्याच्यासमोर वजनाला उभा राहणार, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर त्याला ओळखणार, म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक वहिनीच्या सासरचाच. पहिला थांबला तो सावंतवाडीकडचा दत्ताराम. "वयनी, बस चुकली? बसा, सोडतंय." ही म्हणाली, नको, मी चालते आहे. दत्तारामचा चेहरा पडला. "चलतास कित्याक? आमी नाय काय?" मागे ट्रकांची रांग, तांबडी धूळ, हॉर्नवर हॉर्न, आणि पुढे दुखावलेला दत्ताराम... बसली. काय करणार? त्याने तिला डिचोलीच्या स्टँडवर मोठ्या प्रेमाने उतरवलं. ती शिकवते ती शाळा तिथेच, पण एवढ्या सकाळी शाळेला कुलूप. परत यायला चालू लागली, तर मागून दुसरा ट्रक, "बसा वयनी, सोडतंय." त्या दिवशी वहिनी एकूण चालली ती ट्रकपासून आमच्या गेटपर्यंत.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एवढं जरी बोलली असती तरी मुळगावात 'डॉक्टर' आणि 'नवी सून' हे दोन शब्द एकत्र आले की तिसरा प्रश्न ठरलेला, कितवा महिना? तो प्रश्न लग्नाकार्यांत तिने इतका ऐकला होता, की हल्ली ती लग्नाला गेली तरी वाढायच्याच बाजूला उभी राहायची, म्हणजे हात कामात असतात आणि कुणी फार थांबवत नाही. हे तिने मला सांगितलेलं नाही. मी पाहिलेलं आहे.

तेव्हा ती गप्प चालायची, आणि लोक काय करायचे? खायला द्यायचे! सकाळी सायकलवर पाव घेऊन फिरणारा पोदेर, त्याला हिचं उपाशी तोंड बघवेना, म्हणून गरम पाव हातात. एकीने नीरफणस दिला, एकीने घावन बांधून दिले, एकीने गूळ-खोबऱ्याच्या पातोळ्या, घे गो, घरी सांगू नको. महिनाअखेर डॉक्टरीणबाईंनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं, तर वजन वाढलेलं. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, चालता ना? आता वहिनीला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "चालते... म्हणजे, निघते."

तिला फक्त चालायचं होतं हो!

आणि मग ते झालं. गावाच्या टोकाला टेंबाखाली, म्हणजे टेकडीखाली, राखणदाराची घुमटी आहे, एवढंसं देऊळ. राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा आमचा देव. घरापासून घुमटी आणि परत, बरोबर अर्धा तास, वहिनीने घड्याळ लावून पाहिलेलं. पुलाच्या कठड्यावर म्हातारे सखाराममामा बसलेले असतात, त्यांनी विचारलं, खंय वता गो? वहिनी कंटाळलेली, तिने अंतर सांगितलं. म्हणाली, राखणदारापर्यंत जाते आणि परत येते, रोज. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "आंगवण?" आंगवण म्हणजे नवस. वहिनीने तोंड उघडलं, आणि मिटलं. "मी हो म्हटलं नाही," असं ती मला नंतर अगदी बजावून सांगत होती, "मी फक्त नाही म्हटलं नाही."

तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा! आंगवण कशासाठी, हे विचारायचं नसतं. आंगवणीच्या माणसाला वाहनात बसवायचं नसतं, वाटेत खायला द्यायचं नसतं. दत्तारामचा ट्रक समोरून आला तो हळू झाला, धूळ उडू नये म्हणून कडेने गेला, आणि त्याने स्टिअरिंगवरून एक हात उचलून कपाळाला लावला. पोदेराने घंटी वाजवली, पाव दिला नाही. वहिनी झपझप, झपझप चालली; घामाघूम होऊन घरी आली आणि उंबऱ्यावर बसून हसायलाच लागली. आई म्हणाली, आंगवण बोललीस ती मला तरी सांगायचीस!

आठवडाभराने ताराकाकी बरोबर निघाली. तिच्या गुडघ्यासाठी तिचीही आंगवण. मग एकीची मुलाच्या नोकरीसाठी, एकीची नवऱ्याची सुटावी म्हणून, काय ते तुम्हाला कळलंच असेल. मग आई, सुनेला पुण्य एकटीला कशाला म्हणून. सकाळी आमच्या वाड्यातल्या बायका ओळीने टेंबाकडे निघाल्या की समोरून ट्रकांची रांग अदबीने उभी, आणि एवढ्या हशा-बडबडीत चाललेली आंगवण राखणदारानेही आधी कधी पाहिली नसेल.

एक दिवस मात्र सांगायला हवा. पाळी चुकली होती, बरीच पुढे गेली होती, वहिनीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती पाय जपून टाकत होती. आणि एका सकाळी आली. मला वाटलं ती आज निघणार नाही. निघाली, पण पुलापाशी कठड्याला टेकून उभी राहिली आणि पाऊल उचलेना. बाकीच्या पुढे गेल्या. ताराकाकी मागे फिरली. ताराकाकीला मूलबाळ नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आमच्या वेळार दोतोर नासलो गो, राखणदारूच आसलो. तुका दोगूय आसात, दोतोरूय आनी राखणदारूय. चल."

चालली.

पुढे पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली, आणि मग एका महिन्यात यायची थांबली ती थांबलीच. पडद्यावर या वेळी माळ नव्हती, एकच ठिपका होता, आणि तो टुकटुक करत होता. मग श्रेय कुणाचं, यावर घरात वाद. आई म्हणे राखणदाराचं. भाऊ म्हणे गोळ्यांचं. दत्ताराम म्हणे ड्रायव्हरांचं, कारण त्यांनी बसवलं नाही. वहिनी म्हणाली, सगळं एकाच वेळी चालू होतं, त्यामुळे नेमकं कारण वेगळं काढता येत नाही. इतका आनंद झालेला, तरी हेच वाक्य!

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कुठलं संपायला! शेवटच्या महिन्यांत पाय सुजले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे, आता गाडीने ये-जा करा. एके दुपारी शाळेसमोर वहिनी उभी, ऊन रणरणतंय, बस गेलेली, फोनला रेंज नाही. समोरून दत्ताराम. तिने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून हात केला. ट्रक हळू झाला... आणि दत्तारामने हात जोडले. "वयनी, फळाक इली आंगवण, आता माज्या गाडयेन मोडूक नको." आणि निघाला, धूळ न उडवता. मागचा ट्रक, तोच नमस्कार. त्याच्या मागचा, तोच. पुढची बस येईपर्यंत वहिनी उभी, आणि डिचोलीचे सगळे ट्रक तिच्या पाया पडून जातायत.

तिला फक्त बसायचं होतं!

मुलगी झाली. गुटगुटीत, वहिनीच्या नाकाची. आणि काय सांगू, दीड वर्षाची होत आली तरी चालेना. वहिनीच्या काळजाचं पाणी. मी आणि ती डिचोलीला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पाय वाकवून पाहिले, उभी करून पाहिलं, आणि म्हणाले, पायांत काही दोष नाही, हिला जमिनीवर ठेवता ना? वहिनीला खोटं बोलता येत नाही. "ठेवते... म्हणजे, ठेवायला जाते." कारण आंगवणीची पोर! ताराकाकीच्या कडेवरून आईच्या कडेवर, तिथून सखाराममामांच्या मांडीवर, पोरीचा पाय मुळगावच्या मातीला लागलेलाच नव्हता.

डॉक्टर हसले. "औषध नको काही. हिला फक्त चालू द्या."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे. बाहेर आलो, रस्त्याच्या कडेला पोरीला उभं केलं, बोट सोडलं. तिने एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं, मी पाहिलं. दुसरं उचललं असेल, नक्की सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात मागे करकचून ब्रेक लागला.

"वयनी, पोराक चलवतास कित्याक? आमी नाय काय? बसा, सोडतंय."

पोरीने दोन्ही हात वर केले.

बसलो. काय करणार?