रेणुकाच्या गालावरचा रंग

मच्छिंद्र: ...मंग डॉक्टरनं नर्सला म्हणलं, आधी या बाईचं तोंड पुसा. नर्सनं ओला कापूस फिरवला दोन्ही गालांवरून. कापूस गुलाबी झाला अन् गाल चुन्यावानी पांढरे. त्या दिवशी कळलं, ताई. जालन्याच्या दवाखान्यात, मंगळवारी, दुपारच्याला.

दैवशाला: थांबा, भाऊ, थांबा. मी फक्त इचारलं, लाली कुणासाठी पाहिजे. तुम्ही एकदम दवाखान्यात गेलात. कुणाचं तोंड पुसलं?

मच्छिंद्र: रेणुकाचं. माझ्या घरवालीचं. अंगात रक्त चार पॉइंट राह्यल्तं. डॉक्टर माझ्यावर ओरडला. म्हणला, तुम्ही एकाच घरात राहता ना? तिसऱ्या दिवशी गेली ती.

दैवशाला: अरे देवा. कधी झालं हे?

मच्छिंद्र: दोन महिने होतील आता. मला तीच वस्तू पाहिजे. भुकटी न्हाई, पातळ असती ती. बारकी बाटली, झाकणाला आतून काडी.

दैवशाला: लिक्विड ब्लश. त्या स्टुलावर बसा आधी, पाणी घ्या. राग नका मानू भाऊ, पण आता ती लावणार कोण?

मच्छिंद्र: पोरगी. मोनिका. बदनापूरला रूम करून राहती मैत्रिणीसंग. जालन्याला गाड्यांच्या शोरूममधी काउंटरवर हाय.

दैवशाला: मंग तिकडंच घेऊ द्या की तिला. जालन्यात अशी दुकानं ढीगभर. बारा वर्षं झाली मला मंठ्यात दुकान टाकून, पण पोरीच्या मेकअपचं सामान घ्यायला बाप आलेला पहिल्यांदा बघून राह्यले.

मच्छिंद्र: ती घेत न्हाई म्हणून तर आलो. तोंडाला पाण्याशिवाय काही लावत न्हाई. तृप्ती म्हणून तिची मैत्रीण हाय, तिनं मला फोन केल्ता. म्हणली, काका, मोनिकानं आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय, मला बी काढू देत न्हाई. शोरूमचा साहेब म्हणला, गिऱ्हाइकापुढं असलं तोंड घेऊन बसू नको, मागं स्टोअरला बस. आता मागं बसती. टायर मोजती.

दैवशाला: अन् तुमच्याशी काय बोलती?

मच्छिंद्र: दर इतवारी फोन करती. नळाला पाणी आलं का, बीपीची गोळी घेतली का. मी हो म्हणतो. मंग ठेवती.

दैवशाला: बरं. शेड कोणती पाहिजे?

मच्छिंद्र: ते काय असतं?

दैवशाला: रंग हो, रंग. पीच हाय, कोरल हाय, रोझ, बेरी, विटकरी.

मच्छिंद्र: लाल द्या.

दैवशाला: लाल तर समदंच असतं! बियाण्याच्या दुकानात जाऊन तुम्ही नुसतं "कापसाचं द्या" म्हणता का? नंबर सांगता ना?

मच्छिंद्र: ते बराबर हाय तुमचं.

दैवशाला: आधीची बाटली आणली असती, तर जल्दी झालं असतं.

मच्छिंद्र: ती न्हाई राह्यली. पोरीनं फेकली. रेणुका सवाष्ण गेली ना, बायांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मंग माझी थोरली बहीण, कडूबाई, म्हणली, मोने, आईचं तोंड लई पांढरं दिसून राह्यलं, तुझी ती लाली लाव थोडी. कडूबाईच्या मनात काही नव्हतं. पण पोरगी अशी ओरडली, ताई, अंगणातली माणसं उठून उभी राह्यली. बाटली घेतली अन् उकिरड्यावर भिरकावली.

दैवशाला: एवढं काय झालं तिला?

मच्छिंद्र: लाली तिनंच आणल्ती आईला, दिवाळीला. म्हणली, आई, लई सुकल्यासारखी दिसती तू, हे लावत जा रोज. बसून शिकवलं. दोघी हसून राह्यल्त्या. रेणुकाला आधी लाज वाटायची, मंग आवडायला लागलं.

दैवशाला: हं. अन् मंग तो कापूस गुलाबी झाला, तवा पोरगी तिथं होती.

मच्छिंद्र: कापूस तिच्याच हातात दिला नर्सनं. म्हणली, टाका तिकडं.

दैवशाला: बाई गं. ...बरं, मला सांगा, पोरीचा रंग कसा हाय? गोरी, गव्हाळ, सावळी?

मच्छिंद्र: माझ्यावर गेली. समदे म्हणतात, मच्छिंद्रचंच तोंड, फक्त वेणी घातलेली.

दैवशाला: मंग झालं की काम! तोंड तर तुम्ही संगंच आणलं. या इकडं दाराशी. आत ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. गिऱ्हाईक घरी जातं अन् मंग मला शिव्या देतं.

मच्छिंद्र: माझ्या तोंडाला लावता? अहो, बाजाराचा दिवस हाय. वाटूरकडची निम्मी माणसं आलेली असतील. आमच्या गावचा रायभान आत्ताच भेटला मला चौकात.

दैवशाला: रायभानला बी बोलवा, त्याच्या बायकोचं घेऊन जाईल. बसा. दाढी कवा केल्ती?

मच्छिंद्र: ध्यानात न्हाई.

दैवशाला: हाडावर तेवढी जागा मोकळी हाय, तिथं लावते. आता नीट बघा, पोरीला सांगता येईल. काडी सरळ गालाला लावायची न्हाई, डाग बसतो. आधी थेंब घ्यायचा हाताच्या मागच्या बाजूला. एकच. तिथून बोटानं गालावर तीन ठिपके. आता घासायचं न्हाई, थापटायचं. भाकरी थापतो ना, तशी, पण त्याच्या निम्म्या हातानं. अन् कानाकडं वर न्यायचं. खाली आणलं की तोंड ओघळल्यासारखं दिसतं.

मच्छिंद्र: गार लागून राह्यलं.

दैवशाला: हे पीच. बघा आरशात. दिसतंय का काही?

मच्छिंद्र: न्हाई.

दैवशाला: दिसणारच न्हाई. आपल्या रंगावर फिकट लावलं की राख फासल्यावानी होतं. बाटलीत चांगलं दिसतं म्हणून पोरी तेच उचलतात. आपल्याला विटकरी पाहिजे. बाटलीत बघून भ्या वाटतं, पण गालावर बसलं की रक्त आल्यासारखं... थांबा, ती बाटली आत हाय. आले मी.

मच्छिंद्र: ताई, एक गाल करून असं सोडू नका.

दैवशाला: आत्ता येते हो. एवढी काय घाई?

मच्छिंद्र: घाई न्हाई. मी बघितलंय तसं.

दैवशाला: काय बघितलंय?

मच्छिंद्र: कुणाला बोललो न्हाई हे. कडूबाईला बी न्हाई. मी शेतातून यायचो संध्याकाळी, तवा गाडीचा आवाज लांबून ऐकू येतो आमच्यात. एक दिवस पेट्रोल संपलं, गाडी ढकलत आणली. आवाज झाला न्हाई. मी दारात आलो तर रेणुका आरशापुढं बसल्ती. पाठ माझ्याकडं होती, पण आरशात दिसलं मला. एक गाल झाल्ता, दुसरा व्हायचा होता. एक लाल, एक पांढरा. अन् मधी मधी थांबून दम घेऊन राह्यल्ती. नुसतं बोट थापटायचं तर तिला दम लागून राह्यल्ता, ताई.

दैवशाला: मंग?

मच्छिंद्र: मी मागं सरकलो. अंगणात गेलो, मोठ्यानं खाकरलो, बादली वाजवली. मंग आत आलो. दोन्ही गाल बराबर झाल्ते. हसली. म्हणली, चहा टाकू का?

दैवशाला: अन् तुम्ही काहीच न्हाई इचारलं?

मच्छिंद्र: चहा टाक म्हणलो.

दैवशाला: भाऊ...

मच्छिंद्र: कापूस फुटल्ता रानात. वेचायला माणूस भेटत नव्हतं. म्हणलं, तिला लपवायचं हाय, तर लपवू दे थोडे दिवस. वेचणी झाली की नेऊ जालन्याला, समदं तपासू. बावीस दिवस. रोज गाडी वळणावर आली की मी हॉर्न वाजवायचो. तिचं आवरून व्हावं म्हणून.

दैवशाला: म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मच्छिंद्र: माहीत होतं. पोरीला वाटतं, तिच्या बाटलीनं बाप फसला, म्हणून उशीर झाला. मी फसलोच नव्हतो, ताई.

दैवशाला: हे तिला सांगितलं?

मच्छिंद्र: न्हाई. म्हणलं, आधी बाटली घेऊन जावं. हातात काही असलं की बोलणं निघतं.

दैवशाला: बाटली हातात देऊन काय होतंय? तिला वाटंल, बापानं मोठ्या मनानं माफ केलं. मंग तर ती जास्तच रडंल. अन् खोट्या गोष्टीवर रडंल.

मच्छिंद्र: मंग सांगू कसं?

दैवशाला: नंबर द्या तिचा. माझ्या फोनवरून लावते. रंग तर इचारावाच लागंल. पुढचं तुम्ही बोला.

मच्छिंद्र: आत्ता ड्युटीवर असंल ती.

दैवशाला: असू द्या. द्या नंबर.

(दैवशाला फोन लावते आणि स्पीकरवर ठेवते. मच्छिंद्र एका गालाला रंग लावलेला तसाच स्टुलावर बसून आहे.)

मोनिका: हॅलो, कोण?

दैवशाला: मी मंठ्याहून बोलते, दैवशाला. मेकअपच्या सामानाचं दुकान हाय माझं. तुझे आबा आलेत इथं, बाळा.

मोनिका: काय झालं त्यांना?

दैवशाला: काही न्हाई, काही न्हाई, ठणठणीत हायेत. तुझ्यासाठी लिक्विड ब्लश घ्यायला आलेत. शेड सांगता येईना म्हणून मी त्यांच्याच गालाला लावून बघून राह्यले.

मोनिका: आबांच्या?

दैवशाला: हो. दारात बसलेत, बाजार बघून राह्यला. ते केळीवाले मामा तर गाडा सोडून आले.

मोनिका: खरंच? ...आणि आबा बसले गप?

दैवशाला: बसले की. तू कोणती लावायचीस ते सांग.

मोनिका: काकू, मला नको आहे. त्यांना म्हणावं, कशाला उगी खर्च.

दैवशाला: बदनापूरहून रोज स्कूटीवर जात असशील ना? तोंडाला स्कार्फ बांधत असशील. त्याच्यातलं मॅट देते तुला, स्कार्फला पुसलं जात न्हाई. सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत हलत न्हाई.

मोनिका: माहिती आहे. आईला मी तेच आणलं होतं. दुकानातल्या बाईनं मला पण असंच सांगितलं, संध्याकाळपर्यंत हलत नाही. नाही हललं, काकू. आबांना शेवटपर्यंत दिसलंच नाही काही.

दैवशाला: तूच बोल त्यांच्याशी. घ्या भाऊ. धरा.

मच्छिंद्र: मोने.

मोनिका: आबा. जेवले का?

मच्छिंद्र: घरी जाऊन जेवतो. तू?

मोनिका: डबा आहे. तृप्तीनं केला आज.

मच्छिंद्र: मोने, ते तुझ्या आईचं... मी एकदा गाडी ढकलत आल्तो...

मोनिका: कधी? गाडी बंद पडली का आता? कुठं आहात तुम्ही?

मच्छिंद्र: आता न्हाई. आता बराबर हाय गाडी.

मोनिका: मग काय, आबा?

मच्छिंद्र: काही न्हाई. या ताई विटकरी म्हणून राह्यल्या. घेऊ का?

मोनिका: तुम्हाला घ्यायची तर घ्या.

मच्छिंद्र: तू लावशील?

मोनिका: बघू. आबा, साहेब आले, ठेवते मी. आणि गाल पुसून मगच गाडीवर बसा. नुसत्या पाण्यानं निघत नाही ते, खोबरेल लागतं. काकूंकडं मागा.

मच्छिंद्र: बरं.

दैवशाला: ठेवला तिनं.

मच्छिंद्र: हो.

दैवशाला: तोंडापर्यंत आल्तं तुमच्या.

मच्छिंद्र: आल्तं. पण तिनं गाडीचं इचारलं. अगदी आईवानी इचारलं, घाबरून. मंग मला पुढचं येईना.

दैवशाला: विटकरी बांधून देऊ?

मच्छिंद्र: द्या.

दैवशाला: हे खोबरेल घ्या बोटावर. असं न्हाई, भाऊ, तुम्ही डोळ्यात घालून घ्याल. आणा, मी पुसते. अन् हे बघा, आता सरळ बदनापूरला जा. संध्याकाळी सुट्टी झाली की भेटंल ती रूमवर.

मच्छिंद्र: दोनदा जाऊन आलो, ताई. एकदा रूमच्या दारापर्यंत गेल्तो. तिनं चहा केला, मी पिऊन परत आलो.

दैवशाला: मंग तिसऱ्यांदा जा.

मच्छिंद्र: जाईन. रेणुकाचं समदं झालं. दहावं झालं, तेरावं झालं, कापूस बी विकून झाला. पोरीला सांगायचं तेवढं राह्यलंय.