पहिल्याला कुणी उठवलं?

"हॅलो?… हॅलो, कोण?… उमरग्याहून? जोडा, जोडा ताई. मीच बोलतेय."

साखर कारखान्याच्या ऑफिसात त्या दुपारी संघमित्रा आणि कोपऱ्यातले हिशेबनीस रामलिंगअप्पा, एवढेच होते. दुष्काळानं ऊस वाळला, गाळप लवकर बंद पडलं आणि कारखान्याचा एकुलता एक कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघमित्राचे दिवसच्या दिवस मोकळे झाले. त्या दिवसांत ती मराठीत एक पुस्तक लिहायला बसली होती. कॉम्प्युटरच्या आतला सगळा कारभार जो प्रोग्रॅम बघतो, त्या ऑपरेटिंग सिस्टिमचं. एक्स्चेंजच्या ताईंकडून ट्रंक कॉल लावणारी द्वारका तिची शाळेपासूनची मैत्रीण. उमरग्याला मराठी शिकवायची, आणि लिहिलेलं सगळं आधी तीच वाचायची.

"बोल गं द्वारके… मिळालं का पत्र?… व्हय, मीच लिहिलं. पुस्तक सोडलं म्हणून… अगं, रागावू नको. ऐक ना… ऐक तर. सोमवारी सोडलं होतं. आज न्हाय."

पलीकडचा राग ओसरेपर्यंत तिनं रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.

"झालं बोलून?… आता सांगते. पहिलं प्रकरण म्या चारदा फाडलं. प्रोग्रॅम चालतो कसा ते सांगायचं तर आधी मेमरी सांगावी लागते. मेमरी सांगायला घेतली की ती कोण वाटून देतं ते आलं. आणि वाटून देणाराही प्रोग्रॅमच. मग पुन्हा, प्रोग्रॅम चालतो कसा?… व्हय, तेच. कुठूनही आत शिरा, आधीचं काहीतरी राहूनच जातं… आणि शब्दांचे हाल तर तुला ठावंच आहेत. सिस्टिमच्या मुळाशी जो भाग असतो, त्याला 'कर्नल' लिहिलं तर तुला पलटणीतला साहेब दिसला… हस, हस. आता 'गाभा' लिहिते. तूच सुचवलेला."

हसू आवरल्यावर तिचा आवाज खाली आला.

"आज सकाळी वीज गेली, द्वारके… न्हाय, आली लगेच. पण मशीन पहिल्यापासून सुरू करावं लागलं. मला कॉम्प्युटर शिकवलेल्या पुण्याच्या सरांनी त्या गाभ्याच्या प्रोग्रॅमचा छापील गठ्ठा दिला होता ना, तो घेऊन बसले. मशीन आत काय करत असेल, ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले… हां, तर एक गोष्ट कळली. आत नवा प्रोग्रॅम असा येतच न्हाय. जो चालू आहे, तो स्वतःची नक्कल मागतो. एकदाच मागतो. आणि उत्तर दोघांना येतं… दोघं म्हणजे, मागणारा आणि नक्कल. नक्कलसुद्धा त्याच ओळीवर जागी होते, जशी काही तिनंच मागितलं होतं. एकाला सांगतात, तुझ्या लेकराचा नंबर अमुक. दुसऱ्याला सांगतात, शून्य, म्हणजे तूच लेकरू. तेवढ्यावरून ज्यानं त्यानं ओळखायचं, आपण कोण ते."

रामलिंगअप्पांनी पेन खाली ठेवलं होतं. संघमित्राचं तिकडं लक्ष नव्हतं.

"…बरोबर विचारलंस. मीपण तिथंच अडकले. सगळे कुणाची ना कुणाची नक्कल, मग पहिला कुणाची?… कुणाचीच न्हाय. त्याला आई-बाप न्हाईत. तिथं गाभा एक रिकामी जागा धरतो आणि त्याचं सगळं हातानं मांडतो. तुझी जागा ही, तुझा नंबर शून्य, तू चालू आहेस… देव कुठला गं? माणसानं. कुठंतरी एक माणूस विचार करत बसला असंल, की कुणीच नसताना पहिल्याला कसं उठवायचं. आणि त्यानं ते लिहून ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, द्वारके. अजून हात बघ… हां, तुला कसा दिसणार."

तिनं डोळे पुसले. रडण्यासारखं काही झालं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

"न्हाय, बरी आहे… मग काय, तिथूनच सुरुवात. कुणीच नसतं तिथून. तिथं आधीचं काही सांगावंच लागत न्हाय… लिहिलं ना, आत्ताच. वाचू?… ताई, तीन मिनिटं झाली व्हय? राहू द्या चालू… द्वारके, ऐक. 'वीज येते तेव्हा यंत्राच्या आत कुणीच नसतं. पुढं तिथं कितीतरी जण येणार असतात, आणि प्रत्येकाला वाटणार असतं की हे घर आपल्या एकट्याचंच आहे. पण त्या क्षणी हाक मारायला कुणी न्हाय, ओ द्यायलाही कुणी न्हाय.'"

तिनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"…हॅलो? गेलीस का?… आहेस. मग बोल की… न्हाय, खरं सांग. शाळेतल्या पोरींना कळंल असं?… व्हय?… खरंच?… 'न्हाय' नको, 'नाही' लिहू? बरं, बाई… पुन्हा? सगळं? बरं, सावकाश वाचते. 'वीज येते तेव्हा यंत्राच्या आत कुणीच नसतं. पुढं तिथं…' हॅलो? द्वारके?… हॅलो?"

लाइन तुटली होती. संघमित्रानं रिसीव्हर खाली ठेवला नाही. समोरचा कागद तिनं शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला, दोन्ही 'न्हाय' खोडून 'नाही' केलं, आणि मगच फोन ठेवला.

"पुढं?" रामलिंगअप्पांनी कोपऱ्यातून विचारलं.

तिनं दुसरा कागद ओढला.