फितीतली घंटा

चहा घ्या आधी, मग आमच्या घंटेचं सांगते. औंढ्याजवळच्या आमच्या वाडीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून पाणी सोडलं की शंकरभाऊ देवळातली घंटा वाजवतात आणि आम्ही हंडे घेऊन धावतो. कल्पना आमच्या पारूमावशीची. तिची कीर्ती वरपर्यंत पोचली आणि दुसऱ्या तालुक्याचे साहेब शिकायला आले, ते नेमके माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. माझा सगळा नैवेद्य त्या घंटेवर!

आम्हा बायकांना देवळासमोरच्या मंडपात पुढे बसवलं होतं. साहेबांच्या हस्ते शुभारंभ म्हणून रोजच्याच घंटेला लाल फीत बांधलेली. साहेबांचं भाषण रंगात आलं आणि मागे शंकरभाऊंनी घाईघाईने फितीला हात घातला. ग्रामसेवकांनी त्यांना अडवलं, हे आम्हाला मागाहून कळलं.

"अहो, साहेबांच्या हस्ते वाजायचीय ती!"

"पर पानी सुटलंय की!"

"भाषण तर संपू द्या."

शेवटी साहेबांनी फीत कापून घंटा वाजवली. आम्ही सवयीने नळाकडे धावलो, तर नळ फुसफुसून थांबला.

परत आलो तर साहेब हसून विचारतात, "मावशी, यातून आम्ही काय शिकावं?"

पारूमावशीने रिकामा हंडा त्यांच्यापुढेच आपटला. "घंटा वाजवाया सायबाची वाट बघायची न्हाई, येवढंच शिका."

"वा, मोलाची सूचना! हिचाही शुभारंभ करू. तारीख कळवतो."

चुरम्याची कणीक मी पाहुण्यांच्या सीलबंद बाटल्यांतल्या पाण्यात मळली. महादेवाला हात जोडून म्हटलं, साहेबांना सुबुद्धी दे, पण त्यासाठी त्यांच्या तारखेची वाट बघू नकोस.