परदेशी पेटीला मनूची चापट

अगं, परवा बोर्डीला माझा जीवच जायचा बाकी होता! माझ्या धाकट्या दिरांनी परदेशी स्पीकरची जोडी घेतलीय. माणसाएवढी उंच, अक्रोडाच्या लाकडाची पेटी, हाताने केलेलं पॉलिश. भाऊजी गाणं लावून सांगत होते, "वहिनी, खरी कमाल पेटीचीच असते." तेवढ्यात माझ्या दोन वर्षांच्या मनूने एका स्पीकरला सणसणीत चापट मारली आणि तो बर्रर्र करायला लागला!

"काही नाही झालं, वहिनी," भाऊजी म्हणाले, पण रडवेल्या आवाजात. झालं, हिला एक पोर सांभाळता येत नाही हे आता सासरभर पसरणार!

भाऊजींनी भिंतीवर टांगायला मागवलेला तारपा, म्हणजे वारल्यांचं भोपळ्याचं फुंकवाद्य, घेऊन तो बनवणारे उधवा गावचे लखमाकाका आले होते. तारप्यासाठी सुका भोपळा ठोकून पारखतात, तशा त्यांनी दोन्ही पेट्या बोटांनी ठोकल्या.

"ह्याची मागची सांध सुटलीय."

"काका, परदेशी कारागिरी आहे ती!" भाऊजी म्हणाले.

"असंल. पण फट पडली का भोपळा कुठलाबी कुरकुरतो." काकांनी फटीत नख फिरवून धूळ दाखवली. "आज सुटली असती, तर एवढी धूळ कवा बसली?"

मी उड्या मारायचीच बाकी होते! काकांनी तारपा जोडायचं मेण फटीत दाबलं आणि बर्रर्र बंद.

मग ते मनूला म्हणाले, "बाय, आता दुसऱ्यालाबी एक दे. त्याचीबी सांध बघू."

भाऊजी दोन्ही हात पसरून स्पीकरला आडवे!