भूपामागून भैरव

आसगावात एक होते गोविंदराव, एक होती त्याईची बायको सखू, अन् एक होता लेक विनोद. सखू म्हणजे मीच.

ह्याईले शास्त्रीय गाण्याचं भारी वेड. पण लकवा मारला अन् वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा येईलही, आशा सोडू नका. धान निघालं, कोठीत भरलं, तरी ह्याईच्या तोंडून शब्द नाही.

मग विनोदनं ह्याईच्या साऱ्या कॅसेटी एका प्लेअरमंधी भरल्या.

"माय, सगळे राग नावाच्या अक्षरानं लावले. एक संपला का पुढचा आपोआप लागते."

"मले अक्षरं कुठं कळतात, बापा? तू लाव."

दिवेलागणीले भूप लागला. हे डोळे मिटून पडले होते. भूप संपला, अन् अक्षरानं त्याच्या मागं होता भैरव. तो तर पहाटेचा राग! तोच सुरू झाला. ह्याईच्या कपाळाले आठ्या पडल्या, ओठ थरथरले.

"विन्या... गध्या! सांजेले... भैरव कायले लावून राहिला?"

विनोदच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तसाच तो प्लेअरकडे धावला. "चुकलं बाबा, आत्ताच बदलतो."

मी त्याचा हात धरला. "खबरदार! राहू दे तसंच."

तवापासून रोज सांजेले आमचं घर शिव्या खाऊन राहिलं आहे. शेजारीण विचारते, "काहून वो सखूबाई, बुढा बहुत ओरडते?"

मी म्हणते, "ओरडू दे वो. आमचं नशीब उघडलं."