डुकरसापळा

(ओतूरजवळचं शेत, सकाळची वेळ. भिमाजीचा धाकटा भाऊ सावळाराम बांधाखाली पडलाय. पाय लोखंडी सापळ्यात. सापळा घडवणारा कासम लोहार त्याच्यापाशी बसलाय, भिमाजी शेजारी उभा.)

कासम : ओढू नको रं! ओढशील तितकं दात रुतत्यात. दोन्ही कमानींवर एकदमच दाब पायजे. तू त्या अंगाला हुबा ऱ्हा.

भिमाजी : रगात थांबंना, कासमभाई! पाठचा भाऊ हाये हो माझा!

कासम : मंग रडायचं मागनं. मुंडासं सोड, मांडीला आवळ. आवळ की! आता दे पाय कमानीवर.

सावळाराम : आई गं! मेलो रं, मेलो!

कासम : सोस, लेका, सोस. दाब, भिमाजी! आनखी! ...निघाला. या अल्ला, नडगीचा पार चुरा झालाय.

भिमाजी : माझंच नशीब फुटकं. डुकरासाठी लावला, आन् घरचंच मानूस...

कासम : थांब. हे दात कुनी घासलं?

भिमाजी : कसलं दात?

कासम : मी डुकरसापळा दिला व्हता. त्याचं दात बोथट. डुक्कर नुसतं धरून ठेवायचं, मंग भाल्यानं मारायचं. ह्यास्नी कानस लागलीया. हे बघ, बोट कापलं माझं.

भिमाजी : गंज चढला व्हता. जरा साफ केलं.

कासम : महिन्याभरात? बरं. डुकराचं खूर तिकडं, कुंपनाच्या खिंडारात उमटल्यात. आन् सापळा हितं, बांधाखाली? डुक्कर काय बांधावरनं उडी मारतंय व्हय रं?

भिमाजी : तुमी लोहारकी करा, राव! माझं शेत हाये, मी कुठंबी लावीन!

कासम : परवा पंच येनार हायेत न्हवं, तुमा दोघा भावांच्या जमिनीच्या वाटनीला?

भिमाजी : कासम! थोबाड फोडीन, सांगून ठेवतो!

कासम : फोड. मंग ह्याला गाडीत घालून दवाखान्यात कोन नेनार? तू?

भिमाजी : ...पाया पडतो, कासमभाई. पोलीसपाटील इचारतील. डुकरसापळा व्हता, तेवढंच सांगा.

कासम : माझ्या भट्टीतनं डुकरसापळाच गेला व्हता. मानूस मारायचा तू केलास.

सावळाराम : दादा... दादा हाये का हितं?

भिमाजी : हाये रं, हाये. गप पड तू.

सावळाराम : डुक्कर घावलं का बघाया आलो. खिंडाराकडं न्हाई गेलो, दादा. तू बजावलं व्हतंस तसा बांधावरनंच उतरलो.